मेहनतीचा हिशेब : जमशेटजी टाटा आणि आपले नागपूर

रमजानचा महिना जसा उपवासाचा, तसाच तो हिशेबाचाही असतो. रोजा, इफ्तार, तरावीहची नमाज हे शेजारीपाजारी सर्वांना दिसते. घरात बसून मांडला जाणारा हिशेब मात्र बाहेर दिसत नाही. ज्याच्याकडे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली, त्याने त्या शिल्लकीचा अडीच टक्के वाटा गरजूंना द्यायचा असतो. याला जकात म्हणतात. जकात कधीही देता येते, पण बहुतेक घरांत ती रमजानमध्येच काढतात. बँकेतले पैसे, दागिने, दुकानातला माल सगळे कागदावर येते आणि शेवटी एक आकडा निघतो.

या हिशेबात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. जकात म्हणजे देणाऱ्याने घेणाऱ्यावर केलेला उपकार नव्हे. धर्माच्या दृष्टीने तो गरजूचा हक्क आहे आणि तो आधीपासूनच श्रीमंताच्या मालात मिसळलेला आहे. देणारा फक्त तो वेगळा काढून ज्याचा त्याला परत करतो. हे ऐकले की पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. मी रक्ताचे पाणी करून कमावले, त्यात दुसऱ्याचा हक्क कुठून आला? हा प्रश्न मुसलमान घरांत विचारला जातो, तसाच तो हिंदू, बौद्ध, जैन, ख्रिस्ती घरांतही विचारला जातो. कष्ट करणारा वर येतो आणि जो वर आला नाही तो कष्टाला कमी पडला असणार, ही समजूत सर्व धर्मांच्या लोकांनी मिळून जपली आहे. वर्गात शिकवताना ती मुलांच्या तोंडीही ऐकू येते. त्यातल्या काहींच्या आया पहाटेपासून पाच-सहा घरची धुणीभांडी करतात, तरीही.

ही समजूत पारखायची असेल तर एखाद्या आळशी श्रीमंताचे उदाहरण घेऊन चालणार नाही. खरोखर मेहनती, हुशार आणि सचोटीचा माणूस घ्यायला हवा. असा एक माणूस आपल्या नागपूरच्या इतिहासात आहे. तो धर्माने पारशी होता, त्याचे घर मुंबईत होते, पण त्याचे पहिले मोठे यश याच शहरात उभे राहिले. त्याचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

नवसारीचा मुलगा

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीला झाला. नवसारी तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होती. घराणे पारशी धर्मगुरूंचे. पूजाविधी आणि दक्षिणा हीच पिढ्यान्‌पिढ्यांची मिळकत. ही वाट मोडली ती वडिलांनी, नसरवानजींनी. ते मुंबईला गेले आणि व्यापारात शिरले. जमशेटजींच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड टप्पा, म्हणजे भटकीपणाकडून पेढीकडे येण्याचा, अशा रीतीने त्यांच्या वडिलांनीच ओलांडला होता.

तेराव्या वर्षी मुलगा वडिलांकडे मुंबईला आला. पुढे त्याला एल्फिन्स्टन संस्थेत घातले. १८५७ साली देश पेटलेला असताना हा तरुण तिथे इंग्रजी वाङ्मय वाचत होता. १८५८ मध्ये शिक्षण पुरे झाले. त्या काळी इंग्रजी उच्च शिक्षण मिळालेले तरुण सबंध मुंबई इलाख्यात बोटावर मोजण्याइतके होते. बुद्धी त्यांची स्वतःची होती, वाचनाची आवड जन्मभर टिकली, हे खरेच. पण त्याच वयाचा, तितकाच चलाख एखादा मुलगा महालात, इतवारीत किंवा कामठीत हातमागावर बापाला नळ्या भरून देत होता. त्याच्यासाठी एल्फिन्स्टनचे दार कधी उघडणार नव्हते, कारण असे काही दार आहे हेच त्याला ठाऊक नव्हते.

शिक्षण संपताच जमशेटजी वडिलांच्या पेढीवर बसले आणि १८५९ मध्ये हाँगकाँगला गेले. पेढीचा व्यापार चीनशी होता. इकडून कापूस आणि अफू जायची, तिकडून चहा, रेशीम, कापूर यायचे. अफूचा व्यापार तेव्हा कायदेशीर होता आणि मुंबईतली अनेक बडी घराणी त्यात होती. टाटांनाच वेगळे काढून दोष देण्याचे कारण नाही. पण मुंबईचे पहिले भांडवल कुठून जमले याचा हिशेब मांडताना ही नोंद गाळताही येत नाही. त्या पैशात व्यापाऱ्याची हुशारी होती, तशीच माळव्यात आणि बिहारात पोस्त पिकवणाऱ्या कुणब्याची राबणूक होती आणि चीनमधल्या व्यसनी माणसाचा संसारही होता.

एकच युद्ध, दोन नशिबे

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस बाहेर पडेना, इंग्लंडमधल्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि सगळ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. शेअरांची सट्टेबाजी सुरू झाली. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातले सर्वांत मोठे नाव. टाटांची पेढीही या लाटेवर होती. लंडनमध्ये हिंदी लोकांची बँक काढायची योजना झाली आणि तिच्या तयारीसाठी जमशेटजी विलायतेला गेले.

हेच युद्ध वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या दारातही पोचले होते. भाव चढला तसा त्याने ज्वारीचे रान मोडून कपाशी लावली, पुढच्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून कर्ज उचलले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईच्या पेढ्या बुडाल्या, तसा शेतकरीही बुडाला. पुणे आणि अहमदनगर भागातल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, सावकारांच्या दस्तऐवजांच्या होळ्या केल्या. त्या आगीमागे शेतसारा, दुष्काळ अशी इतर कारणेही होती, पण कापसाच्या तेजीमंदीचा चटका त्यातलाच एक.

टाटांवरही मोठे संकट आले. नसरवानजींना राहते घर विकावे लागले. लंडनमध्ये जमशेटजींच्या हातातल्या हुंड्या रद्दी झाल्या. इथे त्यांच्या स्वभावाचा कस लागला. ते पळाले नाहीत. देणेकऱ्यांसमोर स्वतः उभे राहिले, जमाखर्च उघडा केला. त्यांच्या सचोटीवर विश्वास ठेवून देणेकऱ्यांनी त्यांना सवड दिली. हा प्रामाणिकपणा खरा होता आणि त्याची किंमतही त्यांना मिळाली. मात्र प्रामाणिकपणा दाखवायला आधी समोरच्याने आपल्याला खोलीत बोलवावे लागते. कर्ज बुडालेल्या शेतकऱ्याला सावकाराने असे बसवून त्याची बाजू ऐकल्याचे क्वचितच घडले. त्याच्याकडे थेट जप्ती आली.

बुडालेल्याला मिळालेला दुसरा डाव

पेढी पुन्हा उभी राहिली ती दुसऱ्या एका युद्धामुळे. १८६७ मध्ये इंग्रजांनी अॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली. सेनापती होते रॉबर्ट नेपियर आणि फौज मुंबईहून निघाली. या फौजेला रसद पुरवण्याचे कंत्राट काही व्यापाऱ्यांनी मिळून घेतले, त्यात नसरवानजींचा वाटा होता. पुरवठा दीर्घ मोहिमेच्या हिशेबाने ठरला होता. प्रत्यक्षात एप्रिल १८६८ मध्ये मगदला पडले आणि मोहीम लवकर आटोपली. कंत्राटदारांना घसघशीत नफा झाला.

त्याच वर्षी, १८६८ मध्ये, जमशेटजींनी २१,००० रुपयांच्या भांडवलावर स्वतःचा व्यापार सुरू केला. शाळेतल्या पुस्तकांत, भाषणांत टाटांची गोष्ट बहुधा इथून सुरू होते. एकोणतीस वर्षांचा तरुण, हाती २१,००० रुपये आणि डोळ्यांत स्वप्न. गोष्ट खोटी नाही, फक्त तिचा पहिला अध्याय गाळलेला असतो. त्या अध्यायात वडिलांची पेढी आहे, चीनचा व्यापार आहे, अमेरिकेतले युद्ध आणि इथिओपियातली स्वारी आहे. शिवाय १८६८ साली २१,००० रुपये ही काही लहान रक्कम नव्हती. मजुरी करून ती जमवायची म्हटली असती तर एक जन्म पुरला नसता.

पुढच्याच वर्षी त्यांनी चिंचपोकळीला दिवाळखोरीत निघालेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली, अलेक्झांड्रा हे नाव दिले आणि दोन वर्षांत ती चांगल्या नफ्याने विकली. मग ते लँकेशायरला गेले. सूतगिरण्या कशा चालतात हे तिथे जाऊन बारकाईने पाहिले. परत आले ते एक निश्चय करून. गिरणी काढायची, पण मुंबईत नाही. जिथे कापूस पिकतो तिथे काढायची.

जुम्मा तलावाजवळची दलदल

अशी जागा त्यांना नागपुरात सापडली. शेजारी वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस, वरोऱ्याचा कोळसा आणि १८६७ मध्ये इथवर पोचलेली मुंबईची रेल्वे. स्टेशनपासून जवळ, जुम्मा तलावाच्या बाजूची पाणथळ जमीन त्यांनी घेतली. (जुम्मा म्हणजे शुक्रवार. या तलावाला आपण शुक्रवारी तलाव म्हणतो आणि आता गांधीसागरही. एका पाण्याला तीन नावे, तिन्ही आपलीच.) ती दलदल भरून काढायला खर्च आला. इथल्या एका मारवाडी सावकाराने या कामात पैसे घालायला नकार दिला. सोने जमिनीत पुरण्यासारखा हा प्रकार आहे असे त्याचे मत होते. गिरणी चालल्यावर मात्र जमशेटजींनी माती पेरून सोने काढले हे त्याने कबूल केले, असे सांगतात.

१८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली. भांडवल १५ लाख रुपये. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस हे नाव मिळाले. सुरुवातीला सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग होते. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना नेमले. बेझनजी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, कापडधंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. पण जमशेटजींना माणसाची पारख होती आणि ती खरी ठरली. आपल्या बेझनबागेच्या नावात बेझनजी अजून आहेत.

सुरुवातीची यंत्रे हलकी निघाली, शेअरचा भाव घसरला. जमशेटजींनी नवी यंत्रे आणवली. लँकेशायरचे गिरणीवाले ज्या रिंग चातीबद्दल अजून साशंक होते, ती त्यांनी १८८३ मध्येच नागपुरात चालवून पाहिली. गिरणीत हवा खेळती ठेवण्याची, हवेत ओलावा राखण्याची, आगीपासून बचावाची सोय केली. पुढे भागधारकांना वर्षानुवर्षे भरघोस लाभांश मिळाला. ही सर्व जमशेटजींची दूरदृष्टी. तिच्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

आता याच रेल्वेकडे दुसऱ्या बाजूने पाहू. नागपूर हे विणकरांचे शहर होते. कोष्टी समाज रेशीमकाठी लुगडी आणि पागोटी विणत असे. मोमीन विणकर उत्तरेकडून येऊन इथे आणि कामठीला स्थिरावले, मोमीनपुरा त्यांच्याच नावाचा. गावोगावचे महार सूत कातत आणि जाडेभरडे कापड विणत. तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या निधनानंतर १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, तसा भारी कापडाचा मोठा गिऱ्हाईकवर्ग गेला. मग रेल्वे आली. तिने इथला कापूस मुंबईला नेला आणि परतीच्या डब्यांत मँचेस्टरचे स्वस्त कापड आणले. पुढे गिरणीच्या सुताने चरखा बसवला. ज्या रुळांनी जमशेटजींना नागपूर दाखवले, त्याच रुळांनी नागपूरच्या विणकराला त्याच्या मागावरून उठवले.

हा विणकर आळशी होता का? सूर्य उगवण्याआधी तो मागाच्या खड्ड्यात उतरत होता आणि दिवेलागणीनंतर बाहेर येत होता. त्याची बायको, मुले ताणा करण्यात, नळ्या भरण्यात गुंतलेली. घरातले एकही माणूस रिकामे नव्हते. मेहनत काल होती तितकीच आजही होती, फक्त तिचा भाव उतरला होता. आणि भाव ठरत होता त्याच्या घरापासून हजारो कोस दूर.

चात्यांमागची माणसे

मागावरून उठलेले, शेतावरून हुसकलेले लोक गिरणीत आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी मध्यप्रांतातल्या माणसांना आणखी हलवले. एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर शहराचा दिवस सुरू होऊ लागला. कायदा काय सांगत होता? १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. म्हणजे आठ वर्षांचे मूल नऊ तास राबू शकत होते. १८९१ मध्ये बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. प्रौढ पुरुषाच्या तासांना मर्यादा पडायला १९११ साल उजाडावे लागले आणि तीही कापडगिरण्यांत बारा तासांची. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी मजुरांना संघटित केले नसते, तर १८९० मध्ये तिथल्या मजुरांना आठवड्याची एक सुट्टीही मिळाली नसती.

मेहनतीलाही जातीची दारे होती. मुंबईच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्य मानलेल्या मजुरांना सूत कातण्याच्या खात्यात घेत, पण विणकामाच्या खात्यात घेत नसत. धोट्यात नवे सूत घालताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण मजुरांना तो विटाळ वाटे. पगार तर विणकामातच जास्त. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापड विणले जात होते त्यांनाच मागाला हात लावायची बंदी! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठणकावून मांडला. जो मजूर चांगल्या पगाराच्या खात्याचा उंबरठाच ओलांडू शकत नाही, त्याला अधिक मेहनत करायला सांगणे म्हणजे बंद दारासमोर पळायला सांगणे होय.

त्या काळच्या गिरणी मालकांची एक ठरलेली तक्रार असे. हिंदी मजूर कामचुकार, तो न सांगता दांड्या मारतो. एम्प्रेस मिलमध्येही गैरहजेरी खूप होती. जमशेटजींचे वेगळेपण इथे दिसते. नुसते आळशी म्हणून ते थांबले नाहीत. माणूस का येत नाही, आला तर का टिकत नाही, याचा त्यांनी विचार केला. चांगल्या हजेरीला आणि कामाला बक्षिसे सुरू झाली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी निघाला. १८९५ मध्ये अपघातात सापडलेल्या कामगाराला भरपाई देण्याची पद्धत आली. कोणताही कायदा त्यांना हे करायला सांगत नव्हता. देशभर कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १९२३ मध्ये. कामगार म्हातारा होतो, त्याचा हात यंत्रात जातो, आणि यात त्याच्या मेहनतीचा दोष नसतो, हे त्यांनी मान्य केले होते. पुष्कळांना ते आजही मान्य होत नाही.

तरीही हिशेब बरोबर मांडायचा तर हेही लिहावे लागेल. निधी, बक्षिसे, भरपाई हे सारे मालकाच्या मनावर होते. लाभांश भागधारकांकडे गेला आणि मजूर चाळीस वर्षे राबूनही मजूरच राहिला. गिरणीत सर्वांत जास्त घाम कुणाचा गळला आणि सर्वांत जास्त पैसा कुणाकडे गेला, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

नकाशासमोरचा योग

१८८६ मध्ये जमशेटजींनी कुर्ल्याची मोडकळीला आलेली धरमसी मिल घेतली आणि तिला स्वदेशी हे नाव दिले. हा सौदा अंगाशी आला. यंत्रे जुनी, शेअर घसरलेले, बँक कर्ज देईना. तेव्हा त्यांनी कुटुंबासाठी केलेला विश्वस्त निधी मोडला, एम्प्रेसचे काही शेअर विकले आणि नागपूरची अनुभवी माणसे कुर्ल्याला नेली. स्वदेशी मिल तगली. जिद्द दांडगी होती, पण मोडायला निधी होता आणि विकायला शेअर होते म्हणून ती जिद्द फळली. नागपूरच्या कोष्ट्याने किंवा मोमीन विणकराने अशाच हिमतीने नवे चार माग घेतले असते आणि एक हंगाम वाईट गेला असता, तर त्याच्याकडे मोडायला घरातली भांडी होती. श्रीमंताची चूक अनुभव म्हणून जमा होते, गरिबाची चूक कर्ज म्हणून नावे पडते.

पोलादाचे स्वप्नही विदर्भातूनच सुरू झाले. चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या खनिजाबद्दल १८८२ मध्ये एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. तो विषय त्यांनी वीस वर्षे मनात जपला. अमेरिकेपर्यंत जाऊन तज्ज्ञ आणले. शेवटी लोहाऱ्याचा बेत जमेना, तेव्हा त्यांचे पुत्र दोराबजी तो सोडत असल्याचे सरकारला कळवायला नागपूरच्या सचिवालयात आले. भेटायचा अधिकारी जागेवर नव्हता. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूगर्भीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण त्यांना दिसली. शोधाची दिशा पुन्हा खुली झाली. कारखाना अखेर आणखी पूर्वेला, साकची इथे झाला, ज्याला आज जमशेदपूर म्हणतात.

या योगाला कुणी नशीब म्हणेल, कुणी ईश्वरी कृपा. मुसलमान माणूस त्याला बरकत म्हणेल. पण मेहनत त्याला म्हणता येणार नाही. अधिकारी वेळेवर जागेवर असता तर दोराबजींनी तो नकाशा कदाचित पाहिलाच नसता.

शेवटचा हिशेब

आपल्या संपत्तीबद्दल जमशेटजींच्या मनात काय होते हे त्यांच्या कृतीतून कळते. १८९२ मध्ये त्यांनी होतकरू हिंदी विद्यार्थ्यांना विलायतेत शिकण्यासाठी निधी सुरू केला. १८९८ मध्ये विज्ञान संशोधनाच्या संस्थेसाठी मुंबईतल्या चौदा इमारती आणि चार जमिनी देऊ केल्या. त्यांची किंमत तेव्हा सुमारे ३० लाख रुपये होती, म्हणजे एम्प्रेस मिलच्या मूळ भांडवलाच्या दुप्पट. व्हाइसरॉय कर्झन यांना ही योजना साशंक वाटली, सरकारने वर्षे घालवली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे जमशेटजी वारले. त्यांची कबर लंडनजवळ ब्रुकवूडच्या पारशी दफनभूमीत आहे. बंगळुरूची विज्ञान संस्था त्यांच्या पश्चात १९०९ मध्ये स्थापन झाली, पोलादाची कंपनी १९०७ मध्ये. पुत्र दोराबजी आणि रतनजी यांनीही आपली संपत्ती विश्वस्त निधींना दिली. टाटा समूहाच्या मुख्य कंपनीचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा आजही अशा निधींकडे आहे.

आणि एम्प्रेस मिल? १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. शेवटच्या पाळीतला कामगार पहिल्या पाळीतल्या कामगारापेक्षा आळशी नव्हता. तरी तो घरी बसला. त्याची मुले, नातवंडे आज याच शहरात ऑटो चालवतात, डिलिव्हरीची पिशवी पाठीवर घेऊन उन्हात फिरतात, त्या मॉलच्या दारावर पहारा देतात. त्यातले काही रोज्याने असतात. कष्ट कमी पडतात असे त्यांच्याबद्दल बोलायला जीभ रेटत नाही.

जमशेटजींच्या आयुष्यातून मेहनत वजा केली तर काहीच उरत नाही. पण नुसती मेहनत ठेवली तरी टाटा उभे राहत नाहीत. वडिलांची पेढी, शिक्षण, दोन युद्धे, रेल्वे, सवड देणारे देणेकरी आणि हजारो अनाम हात हे सगळे त्यात मिळवावे लागते. म्हणून मुलांना मेहनत करा असे जरूर सांगावे. मात्र हरलेल्या माणसाकडे बोट दाखवून त्याने मेहनत केली नसेल असे त्यांना शिकवू नये. आणि आपल्या यशाची यादी लिहिताना इतरांनी दिलेल्या रकमा गाळू नयेत.

जकातीच्या हिशेबाला कष्टाचा रकाना नसतो. देणाऱ्याने ती किती राबून कमावली हे तिथे विचारत नाहीत आणि घेणारा किती राबतो हेही विचारत नाहीत. शिल्लक किती आणि गरज किती, एवढेच पाहतात. या महिन्यात आपल्या दाराशी येणाऱ्या माणसाला, तो कोणत्याही धर्माचा असो, काम का करत नाहीस असे विचारण्याआधी आपण एवढे आठवावे. बहुतेक वेळा तो काम करूनच आलेला असतो.